शेठ, लेझर आणि नंतरची दहा मिनिटं

सोन्याच्या तारेचे तुकडे पडतात तेव्हा दिसत नाहीत. तार मुळात केसाहून बारीक, त्यात तिचा तुकडा. दिवसभर मायक्रोस्कोपखाली मान घालून काम करायचं आणि घरी आल्यावर ते तुकडे कुठे कुठे सापडतात ते बघायचं. कधी चष्म्याच्या काडीवर, कधी पातळाच्या काठावर, एकदा तर डब्यातल्या मेथीच्या भाजीत लुकलुकत होता. आमच्या वर्कशॉपमधल्या किश्शांचं तसंच झालंय. पडताना कुणाचं लक्ष नव्हतं, आता झटकायला गेले तर ओंजळभर निघाले. त्यातले बरे आहेत तेवढे सांगते. बाकीचे शेठ ऐकत नसतील तेव्हा.

*

आधी मी कोण ते सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको.

मी सातवी पास. आठवीचं पुस्तक स्वतः मिळवून वाचलं, नववीचंही. दहावीचं हातात येईपर्यंत लग्न झालं, मग पुढे एकदम चिपांच्या डेटाशीटच वाचायला घेतल्या. भोसरीच्या एका कंपनीत एकतीस वर्षं चिपवर तारा जोडल्या. मोहरीएवढी चिप. तिच्यावर सोन्याची तार टेकवायची, कमान द्यायची, दुसऱ्या टोकाला टेकवून तोडायची. याला बाँडिंग म्हणतात. मला घेतलं होतं झाडलोटीला. बाँडिंग करणाऱ्या बाईच्या खांद्यावरून बघत बघत शिकले. ती बाळंतपणाला गेली त्या दिवशी तिच्या खुर्चीवर बसले, ती मी स्वतः रिटायर होईपर्यंत उठले नाही.

रिटायर झाल्यावर सहा महिने घरी होते. सातव्या महिन्यात सुनेनेच मला चिखलीतल्या एका वर्कशॉपच्या दारावरची ‘बाँडिंगसाठी माणूस पाहिजे’ ही पाटी दाखवली. रिक्षाचे पैसेही तिनेच दिले.

हे वर्कशॉप चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना सेन्सर पुरवतं. मालकांना सगळे शेठ म्हणतात. मागे एक एसीची खोली आहे, तिथे केतकी बसते. केतकी डॉक्टर आहे, पण तापाची नव्हे, लेझरची. परदेशात शिकून आली आणि तळेगाव दाभाड्याहून रोज स्कूटरवर येते. तिनेच माझी मुलाखत घेतली.

“आजी, तुम्हाला लेझर माहीत आहे का?”

“आजी मी दोघांचीच आहे आणि ती दोघं आत्ता शाळेत आहेत. आक्का म्हण. आणि मला तार माहीत आहे. तारेच्या दुसऱ्या टोकाला लेझर आहे का इस्त्री आहे, ते तू सांग.”

तिने एक वाया गेलेली चिप दिली. मी तिच्यावर आठ तारा टाकल्या. तिने मायक्रोस्कोपमधून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “आठही कमानी सारख्या कशा?”

“आठवी वेगळी कशाला करू?”

दुसऱ्या दिवसापासून कामावर.

*

पहिल्याच वर्षी ऑडिटर आला. टाय घातलेला, हातात क्लिपबोर्ड. प्रत्येक कामगाराला काम कुणी शिकवलं त्याची नोंद पाहिजे म्हणाला. शेठने मला कोरा फॉर्म दिला, “आक्का, भरा काहीतरी.”

काहीतरी भरायची मला सवय नाही. मी खरं ते भरलं. प्रशिक्षण देणाऱ्याचं नाव: अनसूया. प्रशिक्षण घेणाऱ्याचं नाव: अनसूया.

ऑडिटरने फॉर्म दोनदा वाचला. “दोन्हीकडे एकच नाव कसं?”

“शिकवणारी कडक होती आणि शिकणारी हट्टी होती. दोघींची रोज भांडणं व्हायची. पण काम जमलं.”

“याला पुरावा काय?”

मी त्याला खुर्चीवर बसवलं, हातात चिमटा दिला आणि म्हटलं, “ही माझी तार. ओढून तोडा.” त्याने ओढली. तार मधून तुटली, दोन्ही टोकांचे सांधे जागेवर, म्हणजे जोड तारेहून पक्का. त्याला ते कळलं, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. त्याने शेऱ्यात लिहिलं, ‘प्रशिक्षक समाधानकारक’. शिकणारीबद्दल काही लिहिलं नाही, त्याचा मला अजून राग आहे.

*

आता लेझरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

केतकीचा लेझर नेहमीचा नाही. ती म्हणते, तो मेंदूतल्या पेशीसारखा वागतो, न्यूरॉनसारखा. बारीक धक्का दिला तर गप्प बसतो. धक्का एका ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला की एकदम पूर्ण झळकतो, अर्धवट नाही. धक्का त्याहून मोठा दिला तरी झळक तेवढीच. आणि एकदा झळकला की थोडा वेळ काहीही केलं तरी ढिम्म. फक्त मेंदूतल्या पेशीला जेवढा वेळ लागतो, त्याच्या लाखाव्या हिश्शात याचं सगळं उरकतं.

हे ऐकून सोपान म्हणाला, “म्हंजी आमचा थोरला भाऊ.” सोपान आमचा टेक्निशियन. निघोज्याचा, घरची शेती, पंधरा वर्षं कारखान्यांत काढलेली. “ग्रामसभेत कुनी काय बी बोलू दे, त्यो गप. मंग एकदाच असा वरडतो की मारुतीच्या देवळापत्तुर ऐकू जातं. मंग परत गप.”

मी म्हटलं, “भाऊ कशाला? संडासातली फ्लशची टाकी. हलकं दाबलं तर काही नाही. नीट दाबलं की सगळी टाकी रिकामी, मग कितीही जोर लावा. आणि पाणी भरेपर्यंत परत दाबून उपयोग नाही.”

केतकीने खडू उचलला. मग फळ्यावर टाकीचं चित्र काढलं.

हे लेझर कशाला, तेही सांगते. चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबून गाडीची दारं बनवतात. प्रेसचा ठोका पडताना कधी पत्र्याला केसाएवढी चीर जाते. डोळ्यांना दिसत नाही, पण ठोक्याच्या आवाजात एक बारीक ‘तड’ येतो आणि लगेच विरतो. लेझरने रोजच्या आवाजाला गप्प राहायचं आणि तेवढ्या ‘तड’ला झळकायचं. लेझरचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सोपानने एक हिरवा दिवा जोडून दिला. लेझर झळकला की दिवा लागतो.

कंपनीचा साहेब पहिल्यांदा आला तेव्हा केतकीने त्याला इंग्रजीतून वीस मिनिटं समजावलं. साहेब मान हलवत होता, पण डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर. शेवटी तिने फळ्यावर टाकी काढली. साहेब खुर्चीत ताठ बसला, “अच्छा, असं होय.” आणि पहिला प्रश्न विचारला.

तो गेल्यावर शेठ केतकीला म्हणाले, “पोरी, एवढं परदेशात शिकलीस, आणि माझ्या गिऱ्हाइकाला संडास दाखवतेस?”

*

शेठचाच किस्सा घ्या आता.

आमचे शेठ देवमाणूस, पण सुट्टी मागितली की नाही म्हणतात. मयताला नाही, लग्नाला नाही, पोराच्या शाळेत बोलावलं तरी नाही. केतकीने लेझर समजावला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सोपान माझ्याजवळ येऊन कुजबुजला, “आक्का, शेठ बी त्योच हायेत. लेझर.”

मी लक्ष ठेवलं. खरंच होतं. एक तक्रार नेली की शेठ “हं” म्हणतात. दुसरी बऱ्याच वेळाने नेली की परत “हं”. पण दोन तक्रारी पाठोपाठ नेल्या की भडका. कारण भाजीचं असो नाहीतर मशिनचं, भडका तेवढाच: बापाने कारखाना कसा उभा केला, आम्ही सगळे कसे नालायक, आणि शेवटी “करा काय करायचं ते!” मग पाणी पितात, स्टुलावर बसतात आणि आपल्या बुटांकडे बघत राहतात. ती दहा मिनिटं शेठपुढे काहीही ठेवा, सही करतात.

तेव्हापासून सोपानच्या खिशात सुट्टीचा अर्ज घडी करून तयार असतो. शेठ भडकले की सगळा कारखाना खाली मान घालतो आणि सोपान पेन शोधतो.

त्या वर्षी सोपानने पुतणीच्या लग्नाचे चार दिवस घेतले. शेठने नंतर अर्जावरची स्वतःची सही उजेडात धरून बघितली आणि मला विचारलं, “आक्का, ही मीच केली का?”

“तुमचीच आहे.”

“मी चांगला माणूस आहे मग,” म्हणाले.

*

सकाळी अकराला लेझर आपोआप झळकायचा. कुणी धक्का दिलेला नाही, काही नाही, हिरवा दिवा लुकलुक. रोज नाही, पण झळकला की अकराच्या सुमाराला. केतकीने चिप तपासली, तारा तपासल्या. तारा तपासायला लागली तेव्हा मी तिच्याशी एक दिवस बोलले नाही. मग तिने आकड्यांची वही काढली आणि जेवणं सोडली.

तिचं जेवण सुटण्याला कारण होतं. शेठने सांगून ठेवलं होतं, “दसऱ्यापर्यंत चाकणच्या साहेबाने पास केलं तर खोली तुझी. नाही केलं तर मी तिथे खोकी ठेवणार.” घरी वडील बँकेच्या परीक्षेचे फॉर्म आणून टेबलावर ठेवायचे. केतकी त्यांच्यावर चहाचा कप ठेवायची.

मी आकडे काढले नाहीत. मी अकराला खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले. काय होतं अकराला? सोपान कपाटामागे लपवलेली इलेक्ट्रिकची किटली काढतो आणि खोलीच्याच बोर्डावर लावतो. शेजारच्या गाळ्यात स्पॉट वेल्डिंग सुरू असतं.

मी किटली बंद करायला लावली. वेल्डिंग चालू, दिवा गप्प. मग शेजारी जाऊन वेल्डिंग थांबवायला सांगितलं, किटली चालू. दिवा गप्प. मग दोन्ही चालू. दिवा लागला.

मला वाटलं आता सोपानची धडगत नाही. केतकीने त्याला मिठीच मारायची बाकी ठेवली. “आक्का, हाच तर न्यूरॉन! किटलीने त्याला उंबरठ्यापाशी आणून बसवलं, आणि वेल्डिंगने नुसतं टेकलं. एकट्या कुणाच्यानेच झालं नसतं.”

तिने वहीत तारीख घालून लिहिलं, ‘चहा अधिक वेल्डिंग’. सोपानने ती ओळ बायकोला दाखवायला मोबाइलवर फोटो काढून नेली. किटली मात्र पुढच्या बोर्डावर गेली.

*

चिपा पाच होत्या. केतकी शिकली त्या प्रयोगशाळेने दिलेल्या. साहेबाने पास केल्याशिवाय सहावी मिळणार नव्हती.

पहिल्या दोन माझ्या आधीच गेल्या. बाहेरच्या एका ठिकाणी मशिनवर बाँडिंगला दिल्या होत्या, मशिनने जोरात दाबलं. त्यांच्याकडे सर्टिफिकेटं मात्र भिंतभर होती म्हणे.

तिसरी एका सल्लागाराने मारली. आमच्या खोलीत माझा नियम आहे: नायलॉन, पॉलिएस्टर बंद, सुती कपडा पाहिजे आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा. अंगातली वीज आपल्याला कळत नाही, चिपला कळते. शेठसुद्धा खोलीत येताना सुती बंडी घालतात. सल्लागार आला चकचकीत शर्टात. मी पट्टा पुढे केला तर हसला, “आजी, मी वीस वर्षं या धंद्यात आहे.” आणि चिप कुठे चुकीची बसलीय ते थेट तिला बोट लावून केतकीला दाखवलं.

त्या चिपवर दिवा परत कधी लागला नाही.

मी म्हटलं, “साहेब, वीस वर्षांत किती मेल्या ते कधी बघितलंत का?”

चौथी माझ्या हातून गेली. माझ्याच. दुसऱ्या कुणावर ढकलायची मला सवय नाही. तार टेकवता टेकवता शिंक आली, हत्यार खाली उतरलं आणि चिपचा कोपरा उडाला. एकतीस वर्षांत झालं नव्हतं ते. केतकी उठली. माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी तिला म्हटलं, “ओरड की जरा.” तर म्हणाली, “आक्का, सर्दीला काही घेतलंत का?” त्या दिवशी डबा उघडला नाही मी.

पाचवीला तारा टाकताना मी तोंडाला दुपट्टा बांधला, दोन्ही नाकपुड्यांत कापूस घातला आणि तोंडाने श्वास घेत आठ तारा टाकल्या. सोपान दारातून बघत होता. नंतर म्हणाला, “आक्का, मला वाटलं तुमी गेलाच.”

*

चिपवर कचरा पडला तर काढायचा कशाने? चिमट्याने ओरखडा येतो. फुंकर मारली तर थुंकी उडते. मी पापणीचा केस वापरते. पापणीचा केस मुळाशी जाड, टोकाला निमुळता आणि मऊ. दात कोरायच्या काडीला चिकटवला की असलं हत्यार कुठल्या कॅटलॉगात मिळणार नाही. ही युक्ती माझी मीच काढली. नंतर केतकी म्हणाली की परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळांतही असंच करतात. मी म्हटलं, “त्यांनाही कुणी शिकवलं नसणार.”

पण वयापरत्वे पापण्या विरळ झाल्या. सोपानने एकदा काळजीने विचारलं, “संपल्यावर काय करायचं, आक्का?”

“तुझ्या आहेत की. गाईसारख्या आहेत.”

त्या दिवसापासून सोपान माझ्या टेबलाशी आला की गॉगल लावून येतो.

*

आता शेवटचा सांगते.

पाचवी चिप सेन्सरच्या पेटीत बसली, पण काम अडलं होतं. साहेबाने सरावाला रेकॉर्ड करून दिलेल्या ठोक्यांत मोठी चीर असली की दिवा लागायचा. अगदी बारीक चिरेला लागायचा नाही. करंट जरा वाढवला तर धडाधड सगळ्याच ठोक्यांना लागायचा. केतकी दोन्हींच्या मधली जागा शोधत होती आणि ती सापडत नव्हती. दसरा परवावर आला. मग उद्यावर आला.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. लेथ, ड्रिल, कॉम्प्रेसर, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. त्या दिवशी कुठलंही मशिन चालवायचं नाही. शेठच्या वडिलांपासूनची रीत. बटणाला हात लावलेला शेठला खपत नाही.

पूजा आटोपली, सोपान ताम्हन घेऊन सगळीकडे हळदीकुंकू लावून आला, त्याच्या किटलीलासुद्धा लावलं, आणि दारात चाकणचा साहेब उभा. त्याच्याही कारखान्यात पूजा, प्रेस बंद, म्हणून मोकळा. “उद्या दसरा, घरी आहे. परवापासून महिनाभर चेन्नईला. काय दाखवायचं ते आत्ताच दाखवा.” खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात प्रेसच्या वीस नव्या ठोक्यांचे आवाज. त्यातल्या तीन ठोक्यांत चीर आहे, कुठल्या ते त्याने चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिशात ठेवलेली.

शेठ म्हणाले, “आज नाही.”

“शेठ, पाच मिनिटांचं काम आहे,” केतकी म्हणाली.

“पूजेतलं हत्यार आज उठवायचं नाही. साहेब, पेढा घ्या.”

साहेबाने घड्याळ बघितलं. केतकी भिंतीला टेकली. तिच्या चेहऱ्यावर मी बँकेचा फॉर्म वाचला. आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत खोकी आली की माझा मायक्रोस्कोप कुठे जाणार होता, हेही मला दिसत होतं.

मी सोपानकडे बघितलं. सोपानने माझ्याकडे बघितलं. एकाने होत नाही, दोन लागतात, पाठोपाठ.

सोपान पुढे झाला. “शेठ, पेढे संपलं.”

“हं,” शेठ म्हणाले.

मी श्वाससुद्धा घेतला नाही. “आणि शेठ, तुमच्या गाडीला चिकटून कुणीतरी टेम्पो लावलाय. आरसा वाकलाय बहुतेक.”

झालं. बाप, कारखाना, आम्ही नालायक, पाहुण्यासमोर पेढे संपतात, सगळं क्रमाने. साहेब दोन पावलं मागे सरकला. मी त्याला हळूच म्हटलं, “थांबा, आत्ता संपेल.” “करा काय करायचं ते!” शेठ म्हणाले, पाणी प्यायले, स्टुलावर बसले आणि बुटांकडे बघायला लागले.

“केतकी,” मी म्हटलं, “दहा मिनिटं आहेत.”

तिने बटण दाबलं.

ठोके सुरू झाले. एक, दोन, तीन, दिवा गप्प. सातव्याला लागला. बाराव्याला लागला. तेरा, चौदा, पंधरा. केतकीचे ओठ हलत होते. सोळा, सतरा. अठराव्याला दिवा लागला. एकोणीस गप्प. वीस गप्प.

साहेबाने चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सात, बारा, अठरा. अठरापुढे कंसात लिहिलं होतं, ‘अगदी बारीक’.

“शेठ,” साहेब म्हणाला, “अशा बारा पेट्या लागतील. अगदी अशाच.”

शेठने मान वर केली. हिरव्या दिव्याकडे बघितलं, झेंडूच्या माळेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “हे चालू कुणी केलं?” केतकीने पेन ड्राइव्ह काढून साहेबाच्या हातात दिला. “सोपान, निदान कुठून तरी पेढे आण.”

“पेढे हायेत की, शेठ.”

शेठ भडकायला आले होते, पण ते त्यांना अजून जमत नव्हतं.

साहेब गेला. केतकीला मात्र चैन पडेना. “आक्का, महिनाभर बारीक चीर पकडली नाही. आजच कशी?” आम्ही पेटीची वीज बंद केली, झाकणाचे चार स्क्रू काढले आणि मायक्रोस्कोपखाली धरली. चिपच्या तोंडासमोर, माझ्या तिसऱ्या तारेच्या कमानीखाली, एक लालभडक धोंडा पडला होता. धोंडा म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये. एरवी कुंकवाचा कण.

मी सोपानला हाक मारली. तो ताम्हन घेऊनच आला.

“झाकण उघडलं होतंस?”

सोपान गॉगल चाचपू लागला. “झाकनाला कुकू लावून काय उपेग, आक्का? हत्यार तर आत हाय. सुती बंडी घातली व्हती, पट्टा बी लावला व्हता. लांबूनच वाहिलं.”

मी पापणीची काडी उचलली. कण काढायला हात पुढे नेला, तर केतकीने माझं मनगट धरलं. आधी ती मायक्रोस्कोपमधून बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं आणि एकच शब्द बोलली.

“किटली.”

मी काडी खाली ठेवली. कणावर आपटून परत येणाऱ्या उजेडाने लेझरला उंबरठ्यापाशी नेऊन बसवलं होतं, किटलीने नेलं होतं तसं. आम्ही झाकण लावलं. चारही स्क्रू मी माझ्या हातांनी आवळले.

सोपान जायला वळला, तशी केतकी त्याच्या मागे गेली. हातात वही होतीच.

“सोपानदादा, कुंकू कुठल्या दुकानातलं?”

“दुकानातलं न्हाई, मॅडम. आमच्या आईच्या करंड्यातलं हाय. लई जुनं.”

केतकीने पेनाचं टोपण काढलं. “किती जुनं?”